कालवा बोगद्यात जाईल, त्याची वाट चालणाऱ्यांना द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खडकवासला ते फुरसुंगी या सुमारे २८ किलोमीटरच्या बोगद्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून आमच्या पर्वती भागात चार माणसं जमली की हा विषय निघतोच. खडकवासला धरणातून निघून शहरातून वाहणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचं पाणी एकदा जमिनीखालून गेलं की शहरातली कालव्याची जागा मोकळी होणार, मग तिचं काय करायचं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: रस्ता करा. सिंहगड रस्त्यावर रोज अडकून पडणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचणार तरी कसं? त्यांच्यावर माझा राग नाही. पण या जागेवर चालण्याची आणि सायकलची सलग हिरवी वाट झाली, तर पुण्याच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बागा एकमेकींना जोडल्या जातील. शहराच्या मधोमध अशी लांबलचक, सरकारी मालकीची पट्टी पुन्हा मोकळी होणार नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण तपशिलाशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. संगणक यायच्या आधी कालव्याचे नकाशे आम्ही ट्रेसिंग कापडावर शाईने काढायचो. ते कापड तुळतुळीत. आधी त्यावर खडूची पूड चोळून पुसायची, तेव्हा कुठे शाई धरायची. चुकून हाताचा घाम लागला तर त्या जागी रेघ फुटायची. उजव्या कालव्याचा शहरातला भाग पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला, तेव्हा ही रेघ इतकी नागमोडी का, असं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाण्याला चढता येत नाही, म्हणून टेकडी आली की ते तिच्या पोटाला धरून वळतं. कालव्याचा उतार किलोमीटरमागे सेंटिमीटरांत मोजायचा असतो.

हे त्यांचं वाक्य आता या वयात, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, मला नव्याने कळतंय. पुण्यात फिरायला जायचं म्हणजे चढायचं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, तळजाईला जायचं तर चढण आहे. ज्यांना चढवत नाही त्यांनी सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरावं, नाहीतर रिक्षा करून सारसबागेत जावं. कालव्याच्या काठाने जाणारी वाट मात्र सपाट असते, मुद्दाम सपाट काढलेली असते. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला, बाबागाडी नेणाऱ्या आईला, नुकती सायकल शिकलेल्या मुलाला याहून चांगला मार्ग कुठलाही सल्लागार शोधून देऊ शकणार नाही. खडकवासल्याचं धरण आणि हे कालवे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मार्ग तेव्हाच आखला गेला आहे. त्याच्या कडेला निरीक्षणाची जीप जाईल एवढा पथ ठेवायची रीत आहे. आज तो कुठे शाबूत आहे, कुठे कचऱ्याखाली गेला आहे, कुठे कुणाच्या भिंतीआड.

आता बागा बघा. पश्चिमेकडून आलं की सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान लागतं. तिथून पर्वतीच्या पायथ्याने जनता वसाहतीच्या कडेने पुढे यायचं. खाली उत्तरेला सारसबाग आणि तिला चिकटून पेशवे उद्यान, वर दक्षिणेला पर्वती आणि तिच्या मागे तळजाईचं जंगल. मग स्वारगेट, गुलटेकडी, आणि रेसकोर्सच्या बाजूने एम्प्रेस गार्डन. ही झाली पूर्व-पश्चिम रेघ. हिला छेदणारी दुसरी रेघ निसर्गानेच काढून ठेवली आहे, ती आंबिल ओढ्याची. कात्रजच्या तलावाकडून, जिथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, तो पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत पर्वतीशी येतो आणि दांडेकर पुलाजवळून मुठेला जातो. म्हणजे कालवा आणि ओढा पर्वतीच्या आसपास एकमेकांना भेटतात. उद्या कात्रजचं लहान मूल ओढ्याकाठी चालत सारसबागेपर्यंत येऊ शकतं आणि वाटेत कालव्याच्या वाटेला वळून एम्प्रेस गार्डन गाठू शकतं. आज रविवारी सारसबागेत चालायला येणारी निम्मी माणसं गाडी लावायला जागा शोधत फिरतात. चालण्यासाठी गाडी काढावी लागते ही आपल्या शहराची खरी अडचण आहे.

पण बागांच्या नावांची माळ ओवणं सोपं आहे. मार्ग ठरतो तो बागांमध्ये नव्हे, दोन बागांच्या मधल्या चौकांत. नकाशावर हिरवी रेघ मारताना चौक आला की रेघ तशीच पुढे जाते, माणूस मात्र तिथेच थांबतो. पर्वतीहून सारसबागेकडे येताना जो रस्ता आडवा लागतो, तिथे उभं राहून पाहा. दांडेकर पुलाकडून आणि स्वारगेटकडून वाहनांची रांग तुटत नाही. परवा संध्याकाळी माझ्यासमोर एक आजोबा नातवाचा हात धरून उभे होते. पोराच्या दुसऱ्या हातात कणीस. दोनदा पाऊल पुढे टाकलं, दोनदा मागे घेतलं. शेवटी दुभाजकाच्या जाळीतला एक गज कुणीतरी कधीचा काढून ठेवला आहे, त्या फटीतून आधी नातवाला ढकललं आणि मग स्वतः आडवे होऊन निघाले. इतका वेळ पोराने कणसाला दात लावला नव्हता. ती फट हा लोकांनी स्वतः आखलेला मार्ग आहे. कुणाला कुठून कुठे जायचं आहे हे तिथे लिहिलेलंच आहे, नियोजनकारांनी ते वाचावं.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की सुशोभीकरणाच्या निविदा, बाकं, कारंजी, नावाच्या कमानी हे सगळं नंतर. आधी प्रत्येक आडवा रस्ता ओलांडायचा कसा, हे एकेका जागेचं ठरवा. आणि इथे कालवा आपल्याला एक अशी गोष्ट देतो जी रस्त्यांच्या खात्याला कोट्यवधी रुपये खर्चूनही सहज मिळत नाही. रस्ते कालव्यावरून पुलाने जातात आणि पाणी खालून. पाणी गेलं की पुलाखालची जागा रिकामी. जिथे डोक्यावर अडीच मीटरची तरी मोकळी उंची मिळते, किंवा तळ थोडा खोदून मिळवता येते, तिथे पादचाऱ्यांना आणि सायकलींना वाहतुकीत न शिरता पलीकडे जाता येईल. जिथे पूल बुटका आहे तिथे वर यायचं आणि पदपथाच्याच पातळीवरून, रस्ता उचलून घेतलेल्या पट्ट्यावरून, सिग्नल घेऊन ओलांडायचं. कालवा बुजवून सपाट केला की हे सगळे तयार भुयारी मार्ग आपण आपल्या हाताने गाडून टाकू.

बाईमाणूस म्हणून इथे एक अट घालते. पुलाखालून वाट न्यायची तर या तोंडाशी उभं राहून पलीकडचं तोंड दिसलं पाहिजे, आणि आत दिवसासुद्धा दिवा हवा. वळण घेणारं, अंधारं भुयार कितीही देखणं केलं तरी संध्याकाळी सातनंतर एकही बाई त्यातून जाणार नाही, आणि बायका जात नाहीत त्या वाटेवर मग कुणीच भलं जात नाही. तसंच दोन्ही बाजूंना उंच भिंती बांधून वाट कोंडू नका. मध्येच बाहेर पडायचं झालं तर शे-दोनशे पावलांत वस्तीत उतरता आलं पाहिजे. स्वच्छतागृहं वाटेवर हवीत, बागांच्या कुलूपबंद फाटकाआड नकोत. फाटकाशी दुचाकी अडवायला जे वेडेवाकडे लोखंडी कठडे लावतात त्यांतून व्हीलचेअर जात नाही, आणि दुचाकीवाला बाजूच्या फटीतून जातोच. १ ला १२ पेक्षा (बारा फूट लांबीत एक फूट उंची) जास्त चढ व्हीलचेअरला झेपत नाही, पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, हे सगळं भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत आधीपासून आहे. नवा शोध लावायचा नाही. सातारा रस्त्याच्या सायकल मार्गावर मध्येच खांब आणि उभ्या गाड्या येतात. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून अधिक सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला होता. त्यात उणीव कागदाची नव्हती.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि याबद्दल बाहेर कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. कालव्याच्या काठावर जे उंबर, करंज आणि वर्षावृक्ष एवढे माजले आहेत, ते गळतीवर. खात्यात आम्ही गळतीला शत्रू मानायचो आणि ते बरोबरच होतं. बोगद्याने दोन टीएमसीहून (म्हणजे दोन अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी वाचेल असं सांगतात, ते दौंड-इंदापूरच्या शेताला आणि शहराला मिळायलाच हवं. पण ज्या दिवशी कालवा कोरडा पडेल, त्या दिवसापासून या झाडांची मुळं तहानेली राहतील. दोन-तीन उन्हाळ्यांत उंबर वठेल, मग धोकादायक म्हणून तो तोडला जाईल आणि मग सावलीच नसलेल्या वाटेवर कोण चालतं, असा प्रश्न विचारून रस्ता मागितला जाईल. पु. ल. देशपांडे उद्यानातून जो झुळझुळता ओहोळ फिरवला आहे, ज्याच्या काठी माणसं तासन् तास बसतात, त्याचंही पाणी कालव्याचं. ते कुठून आणणार? तेव्हा कालव्याच्या पात्रात एक अरुंद चर कायम ठेवावा आणि मैलाशुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया केलेलं पाणी त्यातून खेळवावं. झाडांना तेवढं पुरेल. आत्ताच झाडांची मोजणी करून, कोणती गळतीवर जगतात ते नोंदवून ठेवावं.

याच पात्राचं दुसरं काम पावसाळ्यातलं. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलापर्यंतच्या घरांत घुसलं. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या घरात गादीच्या उंचीपर्यंत चिखल होता. मुलीची दहावीची पुस्तकं त्यांनी गच्चीवर पान पान उलगडून वाळवली. पुढच्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. पर्वती आणि तळजाईच्या उतारावरून येणारं पाणी आज काही प्रमाणात कालवा अडवतो. तो बुजवून वर डांबर टाकलं, तर तेच पाणी सुसाट खालच्या वस्तीत उतरेल. पात्र खोलगट ठेवलं, तळाशी माती आणि गवत राखलं, ठिकठिकाणी ओढ्याला जोडून दिलं, तर पावसाच्या दोन तासांत ते पाणी थोपवून धरेल आणि एरवी त्याच्या काठाने माणसं चालतील. चालायची वाट निरीक्षण पथावर, वर. पात्र खाली, पाण्यासाठी. पुलाखालून जाणारी वाट मुसळधार पावसात बंद ठेवावी लागेल हे मान्य आहे, म्हणूनच तिथेही वरून ओलांडायची सोय हवीच.

आता जनता वसाहतीबद्दल. हे लिहिताना मला फार जपून लिहावंसं वाटतं, कारण हिरव्या वाटेची मागणी करणारे आमच्यासारखे लोक आणि काठावर राहणारे लोक यांच्यात भांडण लावून देणं कुणालाही सोपं जाईल. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची वस्ती न्यायालयाच्या आदेशाने हलवली गेली आणि मोकळ्या पट्टीवर सायकल मार्गाची योजना आली. पण तिथल्या अनेक कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवलं गेलं. लोक आजारी पडले, लढले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माहुलला सक्तीने पाठवू नका. असल्या पायावर उभी राहिलेली सायकलची वाट मला नको आहे. जनता वसाहतीत ही वाट सगळ्यांत आधी त्यांचीच असली पाहिजे. कालव्यावर गोधड्या धुवायला येणाऱ्या बायकांना विचारा की पाणी बंद झाल्यावर त्या कुठे जाणार. वाटेलगत धुण्याचा घाट आणि नळ द्या. मुलांना शाळेत जायला सिंहगड रस्ता टाळता येतो का, ते बघा. घर हलवणं अटळच असेल तिथे ते त्याच वस्तीत, चालत जाण्याच्या अंतरावर द्या. रुंदी कमी पडत असेल तर तिथे वाट अरुंद करा. दोन मीटरच्या वाटेनेही माणूस पुढच्या बागेपर्यंत पोहोचतो.

रस्ता हवा म्हणणाऱ्यांना मी डाव्या कालव्याची आठवण देते. वारजे, कर्वेनगर, एरंडवण्याकडून तो यायचा. त्याचं पाणी बंद झालं, जागा तुकड्या-तुकड्याने वापरली गेली आणि आज तिथे 'कॅनॉल रोड' एवढं नाव उरलं आहे. कर्वे रस्त्याची कोंडी त्याने सुटली का, हे तिथून रोज जाणाऱ्यांनी सांगावं. सलग हिरवी वाट होऊ शकली असती ती मात्र गेली. माझा भाचा सिंगापूरला असतो. तिथे बागा जोडणाऱ्या वाटांचं जाळं ३०० किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यातल्या कितीतरी वाटा पावसाळी नाल्यांच्या कडेला, देखभालीसाठी राखलेल्या पट्ट्यांवर आहेत. त्यांच्याकडे जमीन आपल्यापेक्षा कमी. म्हणून त्यांनी पाण्याच्या कडेची जागा दुहेरी कामाला लावली.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट तातडीची आहे. ही जमीन महापालिकेची नाही, जलसंपदा विभागाची आहे. पाणी बोगद्यात गेल्यावर ती 'अतिरिक्त जमीन' ठरली की तिच्यावर कोण कशासाठी दावा सांगेल याचा भरवसा नाही. बोगदा पूर्ण व्हायला वर्षं लागतील, पण आरक्षण आजच टाकता येतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करून, लोकांच्या हरकती-सूचना मागवून, पु. ल. देशपांडे उद्यान ते एम्प्रेस गार्डन ही पट्टी पादचारी व सायकल मार्ग म्हणून दाखवावी. दोन्ही खात्यांत लेखी करार व्हावा. हद्दीची नव्याने मोजणी करून हद्दीचे दगड उभे करावेत. कालव्याच्या भूसंपादनाचे नकाशे खात्याच्या दप्तरात असतात, ते स्कॅन करून क्षेत्रीय कार्यालयांत भिंतीवर लावावेत म्हणजे कुणाची भिंत कुठे आली आहे ते ज्याचं त्याला दिसेल. पहिला टप्पा पु. ल. देशपांडे उद्यान ते सारसबाग एवढाच घ्यावा, कारण वस्ती, चौक, ओढा आणि टेकडी हे सगळे प्रश्न त्या एका टप्प्यात आहेत. तो जमला की पुढचा जमेल.

आणि एक शेवटची भीती. एवढ्या लांबीच्या बोगद्यातून मुरूम आणि दगडाचे डोंगर निघतील. ते टाकायला जागा शोधताना, शेजारीच पडलेला, लवकरच कोरडा होणारा कालवा कुणाच्याही डोळ्यांत भरेल. एकदा का रात्रीच्या डंपरांनी तो भरायला सुरुवात केली की पुलाखालचे मार्ग, पावसाचं पात्र, झाडांची मुळं सगळं एका पावसाळ्यात संपेल, आणि मग सपाट जमिनीवर रस्ताच होईल. बोगद्याचा राडारोडा कालव्याच्या पात्रात किंवा निरीक्षण पथावर टाकता येणार नाही, ही अट कामाच्या करारात घालावी, आणि तो कुठे जाणार त्या जागा आधी जाहीर कराव्यात. पालकमंत्र्यांनी आणि महापालिका आयुक्तांनी या एका मुद्द्यावर आपल्या वृत्तपत्रातून उत्तर द्यावं, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरेखक,
पर्वती, पुणे